सिम नसलेला टॅब

टॅबवर अभ्यास करावा की पुस्तकावर, असा वाद अधूनमधून रंगतो. मी कळंबमधल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. हा वाद वाचला की वाटतं, लिहिणाऱ्यानं एकदा दुपारी एकच्या सुमाराला आमच्या वाचनकक्षात येऊन बसावं. पुस्तक आणि टॅब दोन्ही समोर आहेत आणि त्यातलं हवं ते उचलायचं आहे, अशी चैन इथं कुणाला नाही.

बीएच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा अभ्यास कशावर करतो ते सांगते. चांगलं संदर्भपुस्तक चारशे-पाचशेला पडतं, ते तो विकत घेत नाही. ग्रंथालयात त्याच्या मोजक्या प्रती असतात आणि त्या जुलैतच कुणाकुणाच्या कार्डावर गेलेल्या असतात. मग उरतात झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स, कुणाच्या तरी दादानं वापरून सोडलेलं गाईड आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली पीडीएफ. ही पीडीएफ तो फोनवर उघडतो. पान ए-फोर आकाराचं, पडदा सहा-साडेसहा इंचांचा. अक्षर लागत नाही म्हणून तो पान दोन बोटांनी ताणतो. ताणलं की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. मग उजवीकडे सरकवायचं, पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे यायचं. कर्त्यापासून निघून क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर वाक्य हातातून निसटलेलं असतं. तेवढ्यात वरून मेसेजची पट्टी उतरते. पाचव्या मिनिटाला तो रील्स बघत असतो आणि मला त्याचा राग येत नाही. तसं वाचायला मलाही जमलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. टॅबची तुलना पुस्तकाशी करण्याआधी फोनशी करा, कारण आमची पोरं आज फोनवरच शिकताहेत. आणि टॅब वाटू नका, ग्रंथालयात ठेवा. पुस्तकपेढीतून वर्षभरासाठी पुस्तकांचा संच देतो, तसा टॅब द्या. सिमकार्डाशिवाय द्या.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यानं ग्रंथालयाला थोडे टॅब भेट दिले. साधे, दहा इंची, अँड्रॉइडचे, फक्त वायफायवर चालणारे. त्यांत सिमची सोय नाही याची देणाऱ्याला जरा रुखरुख होती. मला मात्र त्यांचा तोच गुण सगळ्यांत मोठा वाटतो, आणि का ते मोह्याहून एसटीनं येणाऱ्या एका मुलीमुळं लख्ख कळलं. बीएस्सीची मुलगी, वनस्पतिशास्त्र घेतलेली. घरात बरा फोन एकच, तो भावाकडं. भाऊ रात्री कामावरून आला की तासभर तो हिच्या हाती, तोही त्याच्यासमोर बसून वापरायचा. टॅब घरी न्यायच्या अर्जावर पालकाची सही लागते, म्हणून वडील स्वतः आले. काउंटरवर त्यांनी टॅब उलटासुलटा करून पाहिला.

"मॅडम, ह्यात सिम बसतंय का?"

नाही म्हटलं.

"मंग कुणाचा फोन यायचा न्हाई?"

नाही.

"आन् पिक्चर-बिक्चर?"

इथून भरून दिलं तेवढंच दिसेल, घरी इंटरनेट नसेल तर दुसरं काही नाही, असं मी सांगितलं. टॅबच्या पाठीवर आम्ही ग्रंथालयाचं लेबल लावलंय, त्यावर दाखल क्रमांक आणि शिक्का, पुस्तकावर असतो तसा. तो त्यांनी नीट वाचला आणि सही केली.

मुलीच्या हातातल्या फोनविषयी घराघरांत जी धास्ती आहे ती मला पटत नाही. त्याबद्दल पालकांशी भांडायला हवं आणि मी भांडतेही. पण ती धास्ती जाईपर्यंत मुलीची पदवीची वर्षं निघून जातात. शिराढोण, येरमाळा, इटकूर, मांजरा नदीपलीकडची केज तालुक्यातली गावं, सगळीकडून मुली आमच्याकडे येतात. घरचा फोन दिवसभर ताब्यात असलेल्या त्यांच्यात किती, हे त्यांच्या वर्गशिक्षकांना विचारा. ग्रंथालयाचा शिक्का असलेली, सिम नसलेली वस्तू घरात अडत नाही. पुस्तकासारखीच ती मुलीच्या दप्तरातून आत जाते.

टॅब सरकारकडूनही मिळतात. महाज्योती ही नागपूरची संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नीट, जेईई आणि सीईटीच्या तयारीसाठी टॅब देते, सोबत रोजचा ६ जीबी डेटा. चांगली योजना आहे. थेट तास ऐकायचे तर तेवढा डेटा लागतोच. पण ती आहे अकरावीत विज्ञान घेऊन स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी. लातूरच्या क्लासला जाणं ज्याला परवडत नाही, त्याला घरी क्लास मिळावा हा तिचा हेतू. नीटमध्ये नंबर न लागलेली मुलगी पुढं आमच्याकडे बीएस्सीला येते, कधीकधी तोच टॅब घेऊन. तिच्या शेजारच्या बाकावर बीएला बसलेला, अकरावीला कला शाखा घेतलेला मुलगा या हिशोबात कुठंच नसतो. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, भूगोल शिकणाऱ्या पोराला टॅबचं काय काम, असा समज यामागं आहे. माझा अनुभव अगदी उलटा आहे.

भूगोलाच्या एका मुलाचं उदाहरण घ्या. त्याला प्रकल्पासाठी धनेगावच्या मांजरा धरणाचा पाणीसाठा हा विषय मिळाला. धरण इथलंच, लहानपणापासून पाहिलेलं. त्यानं टॅबवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं काढली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, कारण हे धरण कोरडं पडलं होतं. त्या उन्हाळ्याचं चित्र आणि चांगल्या पावसाच्या वर्षाचं चित्र त्यानं शेजारी शेजारी ठेवली आणि पेननं पाण्याची कड आखत गेला. कुठली गावं पाण्याच्या काठावर येतात, कुठली दूर राहतात, गाळपेर कुठं होते, हे त्याला तिथंच दिसायला लागलं. त्यात त्याच्या मामाचं शेत निघालं! मग भोवती चौघं-पाचजण जमले आणि मी वाचनकक्षात शांतता राखा असं म्हटलं नाही. फोनच्या पडद्यावर हे काम होत नाही. छापील पुस्तकात तर ते नसतंच, कारण पुस्तकातला नकाशा एकाच वर्षाचा असतो.

मोह्याच्या त्या मुलीचं काम मी आणखी जवळून पाहिलं. प्रात्यक्षिकाला सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद होता. पातळ काप घ्यायचा, सॅफ्रानिननं रंगवायचा, काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. एका सूक्ष्मदर्शकामागं मुलांची रांग असते. डोळा लावायला मिळतो तो थोडा वेळ. मग जर्नलमधली आकृती बहुतेकजण पुस्तकातूनच उतरवतात. आमच्या शिक्षणातही हेच होतं आणि आजही आहे. हिनं सरांना विचारून टॅबचा कॅमेरा नेत्रिकेला लावला. हात स्थिर राहीना म्हणून मैत्रिणीनं खाली वह्यांची चळत धरली. तीन-चार धूसर फोटोंनंतर एक स्पष्ट आला. वर्तुळात मांडलेले वाहक पुंजके त्यात लाल दिसत होते. दुपारी माझ्यासमोरच्या टेबलावर बसून तिनं त्या फोटोवर पेननं खुणा केल्या. झायलेम आतल्या बाजूला, फ्लोएम बाहेरच्या, मध्ये कॅम्बियमची बारीक पट्टी. एका पुंजक्यात ती पट्टी तिला सापडेना. पुस्तकातली आकृती शेजारी उघडून, फोटो मोठा करून ती शोधत राहिली. आपला काप तिथं जरा तिरका गेलाय हे तिचं तिलाच उमगलं. मग तिनं जर्नल काढलं आणि पेन्सिलीनं आकृती काढली, स्वतःच्या कापाची. टॅबचं पेन असलं तसलं, रबरी टोकाचं, स्वस्तातलं. त्याला धार नाही, बारीक रेघ येत नाही. तरी काम झालं.

यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. टॅबवर पाहिलं, ताडलं, खुणा केल्या आणि शेवटी हातानं कागदावर उतरवलं. आपल्या परीक्षा आजही पेनानं द्यायच्या असतात. वर्षभर काचेवर बोट फिरवलेल्या मुलाचा हात उत्तरपत्रिकेवर तासाभरात भरून येतो. म्हणून टॅब नेणाऱ्या प्रत्येकाला मी वहीही दाखवायला सांगते. काहींना ते जाचक वाटतं. असू दे.

कागदाच्या बाजूनं बोलणारे उगीच बोलत नाहीत. पाब्लो डेलगादो, लादिस्लाओ साल्मेरोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास आणि एक लाख सत्तर हजारांवर वाचक त्यात होते. तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा जास्त समजतो, विशेषतः वेळ मोजका आणि मजकूर माहितीपर असेल तेव्हा, असं त्यातून दिसलं. गोष्ट-कथा वाचताना मात्र असा फरक आढळला नाही. स्वीडननं २०२३ मध्ये शाळांसाठी पुन्हा छापील पुस्तकांवर पैसा खर्चायला सुरुवात केली. हे सगळं मी मानते. माझ्या कपाटातली पुस्तकं कमी करून टॅब आणा असं कुणी म्हणालं तर पहिला विरोध माझा असेल. जे पुनःपुन्हा वाचून मुरवायचं, ते कागदावरच वाचावं. पण स्वीडनच्या मुलाच्या हाती पुस्तक नव्हतं ते टॅब आल्यामुळं. आमच्या मुलाच्या हाती ते टॅब येण्याआधीही नव्हतं. त्याच्याकडं पुस्तकाऐवजी जे आहे ते म्हणजे तडा गेलेला फोन, आणि वाचायला नोट्सच्या तिसऱ्या पिढीच्या झेरॉक्स.

टॅबच्या नावानं यापूर्वी काय काय झालं तेही विसरता येत नाही. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत 'आकाश' टॅबचं मोठं उद्घाटन झालं. जगातला सगळ्यांत स्वस्त टॅब म्हणून त्याचा गाजावाजा झाला. सात इंची पडदा दाबून वापरावा लागे, वेग मंद आणि बॅटरी दोन-तीन तासांत संपे. पुढं आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या चमूनं हे काम हाती घेतलं आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला सुधारलेला 'आकाश-२' आला. तो सरकारला २,२६३ रुपयांना पडत होता. यंत्र बरंच सुधारलं होतं, फाटक सरांच्या चमूनं शिक्षकांची प्रशिक्षणंही घेतली. तरी तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती कधी गेला नाही. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेनं आठवीच्या मुलांना दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून टॅब दिले. या सगळ्यात चर्चा झाली ती किमतीची, आकड्यांची, वाटपाच्या समारंभांची. बिघडला तर दुरुस्त कोण करणार, आत नवा मजकूर कोण भरणार, वर्षभरानं तो कुठं आहे हे कोण बघणार, हे प्रश्न मागं राहतात. ग्रंथालयाला या प्रश्नांची उत्तरं शोधत बसावं लागत नाही. देणं, परत घेणं, डागडुजी, नोंद हेच आमचं रोजचं काम आहे.

आत भरायचं काय, यावर मी जास्त बोलते, कारण तिथं मोठं धन पडून आहे. मराठी विश्वकोशाचे वीस खंड संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. शासनानं प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड आहेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. इंग्रजीतून विज्ञान शिकताना अडखळणाऱ्या मुलांना त्यांचा मोठा आधार होतो. आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट ही सोय आहे, तीत हजारो नियतकालिकं आणि लाखांच्या घरात ई-पुस्तकं आहेत. पैसे भरूनही कित्येक ठिकाणी तिचा पासवर्ड विद्यार्थ्यांपर्यंत पोचत नाही, आणि पोचला तरी फोनवर ती वाचवत नाही. पुस्तकाची एक पीडीएफ काही एमबींची असते. शनिवारी वाचनकक्षातल्या वायफायवर आठवड्याचं वाचन भरून घेतलं की घरी डेटा लागत नाही, आणि वादळात लाईट गेली तरी संध्याकाळ वाया जात नाही. सोयाबीनची काढणी सुरू झाली की आमचे वर्ग निम्मे रिकामे होतात. त्या पोरांना आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा काढणी करून बघावी. प्राध्यापकांनी त्या पंधरवड्याच्या नोट्स आणि तासांचं ध्वनिमुद्रण दिलं तर ते टॅबमध्ये भरून देणं हे दहा मिनिटांचं काम आहे. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाड्यात किती पोरांच्या वह्या-पुस्तकांचा लगदा झाला ते सगळ्यांनी पाहिलं. टॅबही भिजतो. पण त्यावरच्या टिपणांची प्रत ग्रंथालयाच्या संगणकात राहते.

एक अडचण मात्र आमच्या हातात नाही आणि ती मला फार खुपते. मराठीतला पुष्कळसा अभ्यासाचा मजकूर अजून जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. पडद्यावर तो सुंदर देवनागरी दिसतो. त्यात 'सत्यशोधक' हा शब्द शोधायला गेलं की एकही निकाल येत नाही. मजकूर उचलून दुसरीकडं ठेवला की रोमन अक्षरांची भेंडोळी होते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे! आमच्याकडे एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. टॅब त्याला मराठी मजकूर वाचून दाखवतो, वेग कमीजास्त करता येतो, हवं तिथं थांबवता येतं. पण हे होतं फक्त युनिकोडमधल्या मजकुराचं. जुन्या फाँटमधली किंवा वाकडीतिकडी स्कॅन केलेली पीडीएफ आली की टॅब गप्प होतो किंवा बरळतो, आणि मुलगा कुणीतरी वाचून दाखवायची वाट बघत बसतो. विद्यापीठांची अभ्यास मंडळं, प्रकाशक, नोट्स बनवणारे प्राध्यापक, सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की यापुढचं प्रत्येक पान युनिकोडमध्ये करा. याला पैसे लागत नाहीत, सवय बदलावी लागते.

आता पैशांचं. कामापुरता दहा इंची टॅब दहा-पंधरा हजारांत येतो. वीस टॅब म्हणजे दोन ते तीन लाख. ही रक्कम लहान नाही, पण साखर कारखाने, बाजार समिती आणि पतसंस्था असलेल्या तालुक्याला ती जड नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर होणाऱ्या खर्चातून एका नेत्यानं एक वर्ष वीस टॅब दिले, तर त्यांच्या पाठीवर त्याचं नाव मी स्वतः छापून लावीन.

"फोडले तर? हरवले तर?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम सांगतात की वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार पुस्तकांमागं पाच गहाळ होणं वाजवी समजावं. पुस्तक वापरायचं म्हटलं की काही जाणारच, हे नियम करणाऱ्यांनीही मानलं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं पहिलंच पुस्तकाच्या वापराबद्दल आहे, जपणुकीबद्दल नाही. टॅबलाही तोच न्याय लावा. पुस्तकपेढीसारखी थोडी अनामत घ्या, जाड कव्हर द्या, तुटला तर दुरुस्तीचा निम्मा खर्च ग्रंथालयानं सोसावा. कपाटात कुलपाखाली तीन वर्षं राहिलेला टॅब तसाही बाद होतो, बॅटरी फुगून.

दुरुस्ती, मजकूर भरणं, नोंदी हे काम वाढणार आहे. कित्येक महाविद्यालयांत ग्रंथालय परिचरांची पदं रिकामी आहेत. ती भरली नाहीत तर वर लिहिलेलं बरंचसं कागदावरच राहील, हेही इथंच नोंदवते.

पुढच्या जूनपर्यंत आणखी टॅब आले तर ते आधी कुणाला द्यायचे, याची यादी मी करून ठेवली आहे. ज्यांच्या घरचा फोन त्यांच्या वाट्याला येत नाही अशा मुली पहिल्या. मग तो दृष्टिहीन मुलगा आणि पुढं येतील ते त्याच्यासारखे. मग काढणीला, ऊसतोडीला घरच्यांबरोबर जावं लागतं म्हणून ज्यांची हजेरी कमी भरते ती पोरं; हजेरीच्या नियमाप्रमाणे त्यांना काहीच मिळत नाही. मग बीएचे सगळे. टक्केवारीची अट मी कुठंही घातलेली नाही, आणि महाविद्यालयाच्या विकास समितीनं ती घालू नये एवढ्यासाठी मी बैठकीला जाणार आहे.